मनाचा शोध : अनुभव आणि विज्ञान यांची दीडशे वर्षांची वाटचाल



धम्मपदाची सुरुवात देवापासून किंवा सृष्टीच्या उत्पत्तीपासून होत नाही, ती मनापासून होते. हे आपण दर वर्षावासात ऐकतो. पण आपली विज्ञान शाखेची मुले जेव्हा विचारतात की मन म्हणजे नक्की काय, ते मेंदूपेक्षा वेगळे आहे का, आणि वेगळे असेल तर कोणत्या यंत्रात दिसते, तेव्हा आम्हा मोठ्या माणसांची गाडी अडते. कोणी म्हणतो, मन म्हणजे मेंदूच. कोणी म्हणतो, छे, मेंदू म्हणजे नुसते मांस. दोघेही तावातावाने बोलतात आणि चहा पिऊन घरी जातात.

प्रस्तुत लेखात या वादाचा निकाल लावण्याचा आमचा इरादा नाही. तो अजून जगात कुणालाच लावता आलेला नाही. पण हा प्रश्न ज्यांनी पीएच.डी.चा विषय म्हणून उरावर घेतला आणि त्यापायी आयुष्य झिजवले, अशा काही माणसांचा इतिहास वर्धापनदिनाच्या निमित्ताने आपल्यापुढे ठेवावा असे आम्हाला वाटले. या इतिहासात तत्त्वज्ञान आहे, डॉक्टरी आहे, मेंदूचे विज्ञान आहे, आणि शेवटी शेवटी आपल्या पाली ग्रंथांचाही संबंध येतो.

दाताचा ठणका आणि एक्स-रे

आधी प्रश्न नीट समजून घेऊ. समजा, आपला दात दुखतो आहे. दवाखान्यात एक्स-रे काढला तर कीड कुठवर गेली ते दिसते. पण ठणका त्या फोटोत दिसतो का? नाही. ठणका फक्त ज्याचा दात आहे त्यालाच कळतो. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, असे आपल्याकडे म्हणतात ते उगाच नाही. आता विज्ञानाचा नियम असा की, जी गोष्ट चारचौघांना तपासता येईल तीच पुरावा म्हणून धरायची. मग ठणक्याचे काय करायचे? तो खोटा म्हणायचा? तो खोटा असता तर माणूस दवाखान्यात आलाच नसता.

एका बाजूला बाहेरून मोजता येणारा मेंदू आणि दुसऱ्या बाजूला आतून जाणवणारा अनुभव. या दोहोंची गाठ कशी घालायची, हाच तो प्रश्न.

पाश्चात्त्य देशांत यावर प्रयोगशाळेत काम सुरू झाले ते १८७९ साली. जर्मनीतील लाइपझिग विद्यापीठात विल्हेल्म वुंट यांनी मानसशास्त्राची प्रयोगशाळा उघडली. माणसाला ठरावीक आवाज ऐकवायचा, प्रकाश दाखवायचा आणि आत काय जाणवले ते त्याच्याकडून काढून घ्यायचे, अशी त्यांची रीत होती. पण पुढे भांडण लागले. जर्मनीतल्या वुर्झबर्ग येथील संशोधक म्हणू लागले की, मनात कोणतेही चित्र न येताही विचार होऊ शकतो. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे टिचनर म्हणाले, असे होतच नाही, तुम्ही नीट पाहिले नाही. आता दोघांच्या मनात डोकावून निवाडा करणार कोण? हे भांडण मिटेना. शेवटी १९१३ साली जॉन वॉटसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने जाहीर केले की, मनाची भाषाच सोडा, माणूस काय करतो तेवढेच मोजा. पुढची कित्येक वर्षे अमेरिकेतील मानसशास्त्रात मनाला जवळजवळ हद्दपारी होती. साक्षीदार एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून साक्षच रद्द केली, असा हा प्रकार झाला.

हुसेर्ल : साक्ष द्यायला शिकवणारा माणूस

त्याच काळात दुसरा एक प्रवाह वाहत होता. १८७४ साली व्हिएन्नाचे फ्रान्झ ब्रेन्टानो यांनी एका ग्रंथात साधीच पण खोल गोष्ट मांडली. मन कधी रिकामे नसते. राग असेल तर तो कशाचा तरी राग असतो, आठवण असेल तर कशाची तरी आठवण असते. दगड मात्र कशाविषयीही नसतो, तो नुसता असतो. मनाचा हा रोख, म्हणजे विषयाकडे वळलेले असणे, हीच त्याची खूण.

ब्रेन्टानो यांच्या व्याख्यानांना एक तरुण गणिती येऊन बसू लागला. त्याचे नाव एडमुंड हुसेर्ल. जन्म १८५९, आजच्या चेक प्रजासत्ताकातील मोराव्हिया प्रांतात, ज्यू कुटुंबात. डॉक्टरेट मिळवली होती गणितात, व्हिएन्ना विद्यापीठातून. पण व्याख्याने ऐकून तो तत्त्वज्ञानाकडे वळला तो कायमचा. १९०० आणि १९०१ साली त्यांचा ‘लॉजिकल इन्व्हेस्टिगेशन्स’ या नावाने जगभर ओळखला जाणारा ग्रंथ दोन भागांत निघाला आणि ‘फिनॉमिनॉलॉजी’ नावाची विचारपद्धती उभी राहिली. या लेखापुरते आम्ही तिला ‘अनुभवमीमांसा’ म्हणतो.

तिचा सांगावा असा : जगाबद्दल तुम्हाला जे काही आधीच ठाऊक आहे असे वाटते, ते घटकाभर कंसात ठेवा. फेकून देऊ नका, खोटेही म्हणू नका, फक्त बाजूला ठेवा. आणि मग वस्तू अनुभवाला कशी येते ते न घाई करता पाहा आणि सांगा. घरातल्या माठाचेच उदाहरण घ्या. आपल्याला दिसते ती माठाची फक्त पुढची बाजू. तरी आपण अर्धा माठ पाहिला असे कुणी म्हणत नाही. न दिसणारी मागची बाजूही आपल्या पाहण्यात कशी कोण जाणे सामील असते. किंवा वंदनेच्या वेळी त्रिसरणाचा पहिला शब्द कानी पडला की पुढचा शब्द यायच्या आतच मन त्याच्याकडे झुकलेले असते, आणि मागचा शब्द विरून गेला तरी कानात रेंगाळतो. तसे नसते तर आपल्याला सुटे सुटे आवाज ऐकू आले असते, वंदना ऐकू आली नसती. काळाच्या जाणिवेचे हे बारीक विणकाम हुसेर्ल यांनी वर्षानुवर्षे तपासले.

आपल्या वाचकांना मुद्दाम सांगावेसे वाटते की, कार्ल ऑयगेन नॉयमान या विद्वानाने पाली सुत्तांचे जर्मन भाषांतर केले होते. ते वाचून १९२५ साली हुसेर्ल यांनी त्यावर एक छोटे टिपण लिहिले आणि बुद्धवचनांचा मोठ्या आदराने गौरव केला. यावरून ते बौद्ध झाले होते असा अर्थ कुणी काढू नये. पण आपण ज्या वाटेने निघालो त्या वाटेवर अडीच हजार वर्षांपूर्वीच कुणीतरी पावले टाकली आहेत, ही ओळख एका मोठ्या माणसाला पटली, एवढे त्यातून दिसते.

१९३३ साली नाझी राजवट आली. ज्यूंना सरकारी सेवेतून काढण्याचे हुकूम सुटले. हुसेर्ल तोवर निवृत्त झाले होते आणि तरुणपणीच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. तरी जन्माचा शिक्का शोधून काढून त्यांच्यावरही बडगा उगारला गेला. ज्या विद्यापीठाची कीर्ती त्यांनी वाढवली, त्याचेच दार त्यांना बंद झाले. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. १९३८ साली ते वारले. त्यांनी लघुलिपीत लिहिलेली सुमारे चाळीस हजार पाने मागे राहिली होती. हेर्मान लेओ व्हान ब्रेडा नावाच्या एका तरुण बेल्जियन ख्रिस्ती साधूने ती जर्मनीबाहेर काढून ल्युव्हेन विद्यापीठात सुरक्षित नेली. तो स्वतः पीएच.डी.च्या कामासाठी तिथे गेला होता. कागद जळाले असते तर विचारही जळाले असते.

दुसऱ्याचे दुःख कळते कसे?

हुसेर्ल यांच्या हाताखाली डॉक्टरेट करणाऱ्यांत एक तरुणी होती, एडिथ स्टाईन. जन्म १८९१, ब्रेस्लाऊ शहरात. पहिल्या महायुद्धात अभ्यास बाजूला ठेवून १९१५ साली तिने रेडक्रॉसच्या इस्पितळात साथीच्या रोग्यांची शुश्रूषा केली. आणि १९१६ साली प्रबंध सादर केला. विषय होता, दुसऱ्याच्या मनातले आपल्याला कळते कसे.

तिचे म्हणणे थोडक्यात असे. शेजारीण रडताना दिसली की आपण आधी हिशेब मांडत नाही की, डोळ्यांतून पाणी येते आहे, मी रडते तेव्हा मला दुःख असते, म्हणून हिलाही दुःख असावे. तिचे दुःख आपल्याला थेट दिसते. पण ते आपले दुःख होऊन जात नाही, ते तिचेच राहते. दुसऱ्याचे म्हणूनच ते आपल्यापर्यंत पोचते. ही अनुभवाची एक वेगळीच जात आहे. करुणा म्हणजे आपणही त्याच दुःखात बुडून जाणे नव्हे, असे धम्मवर्गात सांगितले जाते, त्याच्या जवळ जाणारा हा विचार आहे. आज समानुभूतीवर मेंदूविज्ञानात जे काम चालते, त्यातही स्टाईन यांच्या प्रबंधाचा उल्लेख येतो.

प्रबंधाला सर्वोच्च श्रेणी मिळाली. पण जर्मनीत विद्यापीठात शिकवायचे तर डॉक्टरेटच्या वरची आणखी एक पात्रता लागे. १९१९ साली तिचा त्यासाठीचा अर्ज परत आला, कारण ती बाई होती. तिने गप्प न बसता थेट मंत्रालयाकडे तक्रार केली. १९२० साली प्रशियाच्या मंत्र्यांनी आदेश काढला की, स्त्री असणे ही या पात्रतेला आडकाठी असू शकत नाही. कायदा तिने मिळवून दिला, फळ पुढच्या बायकांना मिळाले. तिला स्वतःला जागा मिळालीच नाही. पुढे ती कॅथलिक जोगीण झाली. तरी १९४२ साली नाझींनी तिला पकडून आउश्वित्झच्या छळछावणीत मारले.

शरीरालाही समज असते

तिसरा प्रबंध फ्रान्समधला. मोरिस मर्लो-पाँती, जन्म १९०८. त्यांचे ‘वर्तनाची रचना’ हे पुस्तक १९४२ साली आणि ‘संवेदनेची अनुभवमीमांसा’ हे १९४५ साली निघाले. हे दोन्ही ग्रंथ त्यांच्या डॉक्टरेटचे प्रबंध होते. त्यांनी नुसते खुर्चीत बसून विचार केला नाही, डॉक्टरांनी तपासलेल्या रुग्णांच्या नोंदी वाचल्या. त्यांतली एक गाजलेली नोंद श्नायडर नावाच्या सैनिकाची. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्याचा तुकडा लागून त्याच्या मेंदूच्या मागच्या भागाला इजा झाली होती. या माणसाला डास चावला तर हात बरोबर त्या जागी जाई. पण डोळे मिटवून ‘नाकाकडे बोट दाखव’ म्हटले की त्याला जमत नसे. पाकिटे शिवण्याचे आपले रोजचे काम मात्र तो करत असे.

आता बघा, हात तोच, नाक तेच. मग फरक कुठे पडला? मर्लो-पाँती म्हणाले, शरीर म्हणजे मनाच्या हुकुमाची वाट पाहणारे यंत्र नव्हे. शरीराला स्वतःची एक समज असते. ती जगण्याच्या कामात गुंतलेली असते, आणि हुकमी दाखवण्याची कला तिच्याहून वेगळी असते. भाकरी थापणाऱ्या आजीला विचारा, किती जोर लावतेस? तिला सांगता येणार नाही, पण भाकरी गोल होते.

येथे बाबासाहेबांच्या एका गुरूंची आठवण होते. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हा तेथे जॉन ड्यूई शिकवत. त्यांचे आपल्यावरील ऋण बाबासाहेबांनी १९३६ सालच्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या भाषणात मान्य केले आहे. याच ड्यूईंनी १८९६ साली एक लेख लिहून दाखवून दिले होते की, आधी संवेदना, मग विचार, मग कृती असे माणसाचे तुकडे पाडता येत नाहीत. मूल दिव्याकडे पाहते तेव्हा ते पाहणे हीच एक कृती असते. शरीर, मन आणि परिसर यांना एकत्र पाहणारे आजचे संशोधक ड्यूईंना आपल्या पूर्वसूरींत गणतात.

चिलीचा शास्त्रज्ञ आणि पाच स्कंध

दुसऱ्या महायुद्धानंतर संगणक आले आणि मन म्हणजे मेंदूत चालणारा हिशेब, ही कल्पना जोरात पसरली. तिने पुष्कळ कामही केले. पण १९७४ साली अमेरिकेतील तत्त्वज्ञ थॉमस नेगल यांनी एक खोडी काढली. वटवाघळाच्या मेंदूची इत्थंभूत माहिती मिळाली तरी, वटवाघूळ असणे म्हणजे काय वाटते, हे आपल्याला कळेल का? पुढे डेव्हिड चामर्स या ऑस्ट्रेलियन तरुणाने गणित सोडून अमेरिकेच्या इंडियाना विद्यापीठातून १९९३ साली या विषयात पीएच.डी. केली. मेंदू कसा चालतो हे सगळे सांगून झाले तरी त्याच्यासोबत अनुभव का असतो हे उरतेच, याला त्याने ‘अवघड प्रश्न’ असे नाव दिले. ते नाव रूढ झाले.

यावर नुसता वाद न घालता काम करून पाहू, असे म्हणणारा माणूस दक्षिण अमेरिकेतून आला. फ्रान्सिस्को वरेला, जन्म १९४६, चिली देशात. १९७० साली हार्वर्ड विद्यापीठातून जीवशास्त्रात पीएच.डी. विषय होता कीटकांचे डोळे. अमेरिकेत न थांबता ते मायदेशी परतले. पण १९७३ साली चिलीत लष्कराने सत्ता बळकावली आणि त्यांना कुटुंबासह देश सोडावा लागला. त्याच सुमारास ते बौद्ध ध्यानमार्गाकडे वळले. नंतर पॅरिसला स्थायिक झाले. १९८७ साली धरमशाला येथे दलाई लामा आणि काही वैज्ञानिक यांच्यात जो पहिला ‘माइंड अँड लाइफ’ संवाद झाला, त्याच्या प्रमुख आयोजकांत वरेला होते.

१९९१ साली वरेला, टोरांटो विद्यापीठातून नुकतीच डॉक्टरेट घेतलेले इव्हान थॉम्पसन आणि मानसशास्त्रज्ञ एलेनॉर रॉश या तिघांनी मिळून ‘द एम्बॉडीड माइंड’ हे पुस्तक लिहिले. त्यात एकीकडे मर्लो-पाँती आहेत आणि दुसरीकडे अभिधम्म आणि नागार्जुन. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान हे पाच स्कंध आपल्याकडे लहान मुलेही पाठ म्हणतात. या पाचांच्या आत कायमचा ‘मी’ सापडतो का, हा प्रश्न त्या पुस्तकात आधुनिक मेंदूविज्ञानाच्या शेजारी बसवून विचारला आहे.

आणखी एक धागा सांगितल्यावाचून राहवत नाही. अभिधम्माचे हे ज्ञान पाश्चात्त्य विद्यापीठांपर्यंत नेण्यात एका मराठी माणसाचा हात आहे. गोव्यात जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांनी १९१० पासून अनेक खेपा त्याच हार्वर्ड विद्यापीठात जाऊन ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम केले. ती आवृत्ती १९५० साली, त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी, हार्वर्डने प्रसिद्ध केली.

ठिपक्यांचे चित्र

१९९६ साली वरेला यांनी आपली पद्धत एका निबंधात मांडली. मेंदूचे मोजमाप करायचेच, पण त्याच वेळी ज्याचा मेंदू आहे त्याला आपला अनुभव नीट पाहायला आणि सांगायला शिकवायचे. दोन्ही नोंदी समोरासमोर ठेवायच्या. एकीने दुसरीला दुरुस्त करायचे.

त्यांचे विद्यार्थी आंत्वान लुत्झ यांनी पीएच.डी.साठी हाच प्रयोग करून पाहिला. नव्वदच्या दशकात बाजारात रंगीबेरंगी ठिपक्यांची चित्रे मिळत. नजर सैल सोडून पाहत राहिले की ठिपक्यांतून एकदम उठावाचा आकार दिसे. लुत्झ यांनी अशीच चित्रे वापरली. आकार दिसताच माणसाने बटण दाबायचे, आणि आकार येण्याआधी आपले मन कसे होते ते सांगायचे. डोक्याला तारा लावून मेंदूतील विजेच्या लहरी टिपल्या जात. आधी कित्येक वेळा सराव करून घेतला. उत्तरे ठरवून दिली नव्हती. माणसांनी स्वतःच आपल्या अनुभवाला शब्द शोधले : कधी मन स्थिर आणि तयार होते, कधी तयार पण विखुरलेले, आणि कधी भलतीकडेच होते.

एरवी अशा प्रयोगांत सगळ्या वेळांची सरासरी काढतात आणि फरक म्हणजे गोंगाट समजून टाकून देतात. लुत्झ यांनी माणसांच्या सांगण्यानुसार नोंदी वेगळ्या केल्या. तेव्हा दिसले की, ‘मन स्थिर होते’ असे सांगितलेल्या वेळी मेंदूच्या पुढच्या भागातील लहरी चित्र दिसण्याआधीपासूनच एकमेकींशी ताल धरत होत्या, आणि उत्तरही लवकर येत होते. मन विखुरलेले असताना तसे नव्हते. म्हणजे ज्याला गोंगाट म्हणून फेकत होतो त्यात अर्थ होता, आणि तो सापडला साध्या माणसाच्या साक्षीमुळे. हा निबंध २००२ साली प्रसिद्ध झाला. तो पाहायला वरेला नव्हते. यकृताच्या आजाराने २००१ साली, वयाच्या ५४ व्या वर्षी, ते गेले होते.

या विद्येचा उपयोग काय, असे कुणी विचारील. फिट येण्याच्या आजाराचेच घ्या. फिट येण्याआधी मेंदूच्या विजेत होणारे बदल ओळखता येतात का, यावर वरेला यांच्या गटाने पॅरिसमध्ये काम केले आणि १९९८ साली निष्कर्ष छापले. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट केलेल्या क्लेर पेतीमाँझाँ यांनी पुढे रुग्णांना शांतपणे, बारकाईने प्रश्न विचारून फिट येण्यापूर्वीची बारीक चाहूल शोधली. थकवा येणे, मन एकाग्र न होणे अशा किरकोळ वाटणाऱ्या खुणा रुग्णालाच ओळखता आल्या तर तो वेळीच सावध होऊ शकतो. आपल्याकडे फिट आलेल्याच्या नाकाला कांदा, नाही तर चप्पल लावणारे अजून आहेत. बाहेरची बाधा म्हणून अंगारा आणणारेही आहेत. त्यांना आम्ही हात जोडून सांगतो, रुग्णाला डॉक्टरकडे न्या, आणि तो काय सांगतो ते नीट ऐका.

फुशारकी नको, तपासणी हवी

२००४ साली लुत्झ आणि अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे रिचर्ड डेव्हिडसन यांनी ध्यानाचा दहा हजार ते पन्नास हजार तास सराव केलेल्या ८ तिबेटी परंपरेच्या साधकांचे मेंदू तपासले. तुलनेला १० विद्यार्थी होते. करुणाध्यानात साधकांच्या मेंदूतील गॅमा नावाच्या जलद लहरी फार जोरदार आणि एकतालात आढळल्या. बातमी जगभर गेली. ‘विज्ञानाने बौद्ध धम्म सिद्ध केला’ असे लोक म्हणू लागले.

येथे आपण थांबले पाहिजे. आठ माणसांवरून सगळ्या जगाचा निष्कर्ष निघत नाही. साधक वयाने मोठे होते, विद्यार्थी तरुण. फरक ध्यानामुळे पडला, की असे मेंदू असलेलेच लोक ध्यानाकडे वळतात, हे एवढ्यावरून सांगता येत नाही. संशोधकांनीही पुढील तपासणीची गरज बोलून दाखवली होती. लहर दिसली म्हणजे निब्बाण दिसले असे नव्हे.

इव्हान थॉम्पसन यांनीच २०२० साली ‘मी बौद्ध का नाही’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहिले. नाव वाचून रागावू नये. बौद्ध विचाराबद्दल त्यांना आदर आहे. पण बौद्ध धम्म म्हणजे धर्म नसून मनाचे विज्ञानच आहे, आणि म्हणून तो इतरांहून आपोआप श्रेष्ठ, हा दावा त्यांना मान्य नाही. आम्हाला वाटते, मित्राने केलेली ही टीका आपण ऐकली पाहिजे. केसपुत्ताच्या कालामांना तथागतांनी हेच सांगितले होते की, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका. मग पाश्चात्त्य यंत्रात दिसले म्हणून तरी डोळे झाकून का मानायचे? १९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिताना बाबासाहेबांनी, धर्म विज्ञानाशी सुसंगत असला पाहिजे, अशी कसोटी घातली. कसोटी ही रोज लावायची असते. एकदा उत्तीर्ण झाल्याचा दाखला भिंतीवर टांगून चालत नाही.

मग या दीडशे वर्षांतून आपण काय घ्यायचे? आमच्या मते दोन गोष्टी. पहिली, माणसाचा अनुभव हा पुरावा आहे. आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोसले आणि वरून ऐकूनही घेतले की, तुम्हाला वाटते तेवढे काही दुखत नाही. ज्याला दुखते त्याची साक्ष नाकारण्याची ही रीत विज्ञानालाही पचली नाही. मनाची साक्ष हाकलून दिली तेव्हा मनाचे विज्ञानच लंगडे झाले. दुसरी गोष्ट, साक्षही शिकावी लागते. जे वाटले ते सगळेच खरे नसते. न घाई करता पाहणे, आधीची समजूत कंसात ठेवणे, दुसऱ्याच्या नोंदीशी ताडून पाहणे, हे कष्टाचे काम आहे. विपश्यनेच्या शिबिरात दहा दिवस बसून आलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

आपल्या वस्तीतील मुले-मुली आज एम.एस्सी., एम.ए. करीत आहेत. पीएच.डी.चा विचार करताना त्यांनी मनाचा हा विषयही डोळ्यांपुढे ठेवावा. त्याला गणित लागते, जीवशास्त्र लागते, तत्त्वज्ञान लागते, आणि पाली येत असेल तर सोन्याहून पिवळे. आपल्या घरात वंदना, पंचशील, स्कंधांची नावे जन्मापासून कानावर पडलेली असतात. ती शिदोरी दुसऱ्याला पोथीतून मिळवावी लागते. लंडनची डी.एस्सी. १९२३ साली आणि कोलंबियाची पीएच.डी. १९२७ साली मिळवणाऱ्या बाबासाहेबांनी प्रबंध कसा लिहायचा असतो ते दाखवून ठेवले आहे : आकडे तपासून, मोठ्यांशी मतभेद झाला तरी न डगमगता. विहाराच्या वाचनालयात अशा प्रबंधांच्या शेजारी उद्या आपल्याच मुलीचा, मनाविषयीचा प्रबंध असावा, अशी आमची सदिच्छा आहे.

जयभीम!